केसांचे मोल
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दरूप)

मी चंद्रपुरात बरीच वर्षे इतिहास शिकवला. निवृत्त मास्तराकडे लोक सहसा दोन कामांसाठी येतात. एक, कुठल्यातरी कागदावर सही हवी म्हणून आणि दुसरे, भांडणात पंच हवा म्हणून. त्या दिवशी सहा-सात मुले-मुली आली ती दुसऱ्या कामासाठी. त्यांच्या एका मित्राची आई जिभेच्या कॅन्सरने गेली होती. मुलांनी ठरवले होते की एका रविवारी सगळ्यांसमक्ष डोक्याचा गोटा करून घ्यायचा. त्यासाठी आधीच लोकांकडे जायचे, ‘मी केस देतो, तुम्ही पैसे द्या’ म्हणायचे आणि जमलेली रक्कम कॅन्सरच्या संशोधनासाठी पाठवायची. परदेशात असे करतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिले होते.

भांडण पैशांचे नव्हते. गटातल्या एका मुलीलाही मुलांबरोबर मुंडण करायचे होते आणि तिच्या आजीने त्या पायी जेवण सोडले होते. ‘सर, आजीला तुम्ही समजावा. तुमचं ऐकते ती,’ असा मुलीचा आग्रह.

मी गेलो. आजी ओसरीत बसली होती. मी विषय काढायच्या आत तिनेच विचारले, ‘कोनी मेलं का जी मास्तर, आमच्या घरी?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की इतिहासाचा माणूस मागे वळून बघतो. मीही तेच केले, आणि जे हाती लागले ते आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी परदेशाचे पाहू, ते सोपे आहे. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था दरवर्षी लोकांना डोके भादरायला किंवा केस रंगवायला बोलावते. अमेरिकेतली गोष्ट १७ मार्च २००० ची. न्यूयॉर्कमध्ये पुनर्विम्याच्या धंद्यातल्या तीन गृहस्थांनी सेंट पॅट्रिकच्या सणाला गंमत म्हणून ठरवले की १७ जणांची डोकी भादरायची आणि त्यावर १७ हजार डॉलर जमवायचे, लहान मुलांच्या कॅन्सरसाठी. प्रत्यक्षात १९ जण वस्तऱ्याखाली बसले आणि १ लाख ४ हजार डॉलर जमले. पुढे त्याचीच सेंट बाल्ड्रिक्स नावाची संस्था झाली. ‘बाल्ड’ म्हणजे टकला आणि त्याला पॅट्रिकचे शेपूट, असे हे नाव. या नावाचा कोणी संत होऊन गेलेला नाही. मुलांच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी या संस्थेने तेव्हापासून फार मोठ्या रकमा दिल्या आहेत.

यातली युक्ती साधी आहे. औषधांनी केस गेलेल्या मुलाला वाटू नये की आपण एकटेच टकले आहोत, हा एक भाग. दुसरा भाग हसण्याचा. साहेबी पोशाखातला, एरवी केसांचा भांग न मोडणारा माणूस चारचौघांत तुळतुळीत होतो, लोक हसतात आणि हसता हसता खिशात हात घालतात. तिथे टक्कल हा विनोद आहे, म्हणून तो भांडवल होऊ शकतो. अर्थात तिकडेही नेहमी तसे नव्हते. १९४४ मध्ये फ्रान्स मुक्त झाला तेव्हा जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो बायकांची डोकी भर रस्त्यात भादरली गेली. तेव्हाही गर्दी हसतच होती.

आमच्याकडे डोके भादरणे कधी विनोदाचे नव्हते. बाळाचे जावळ, मुंजीतले क्षौर, तीर्थावरचे मुंडण, बाप गेल्यावर मुलाचे मुंडण या साऱ्याला एक गांभीर्य आहे. पण पुरुषाच्या डोक्यावरचे केस महिनाभरात पुन्हा येतात आणि लोक विसरतात. बाईचे तसे नव्हते. उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचे केस एकदा काढून भागत नसे. ते आयुष्यभर, ठरावीक दिवसांनी काढले जात. वीस वर्षांची पोर असो की सत्तर वर्षांची म्हातारी, न्हावी दारात आला की तिने मागच्या अंगणात जाऊन मान खाली घालून बसायचे. अंगावर तांबडे आलवण. तिला शिवायचे नाही, सकाळी तिचे तोंड बघायचे नाही. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली ती १८९० साली. तिच्यातल्या यमूचे केस बळजबरीने काढले जातात तो भाग वर्गात वाचताना माझा आवाज दर वर्षी त्याच ठिकाणी बसायचा. आगरकरांनी केशवपनावर कोरडे ओढले, सभा झाल्या, लेख निघाले. पण वस्तरा कोणाच्या हातात होता? तो ना आगरकरांच्या हातात होता, ना सनातन्यांच्या. तो होता नाभिक समाजाच्या हातात, आणि त्या समाजाला या वादात कोणी काही विचारलेही नव्हते.

त्याच १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत चार-पाचशे न्हाव्यांची सभा भरली. पुढाकार होता सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा. यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे या सभेत ठरले. आज संप म्हटला की आपल्याला पगारवाढ आठवते. या माणसांनी आपल्या हाताने स्वतःचे ठरलेले काम आणि त्याची मजुरी सोडायची तयारी दाखवली, तीही ज्या बायका त्यांना आपल्या घराच्या उंबऱ्याआत घेत नव्हत्या त्यांच्यासाठी. आपल्या समाजसुधारणेच्या पुस्तकांत या सभेला चार ओळी मिळतात. मला विचाराल तर पूर्ण धडा मिळायला हवा.

आता ज्यासाठी हे सगळे उकरले ती गोष्ट. डोके भादरलेल्या माणसाने त्या भादरलेल्या डोक्यानिशी लोकांच्या दारात जाऊन सत्कार्यासाठी पैसे जमवावेत, हे अमेरिकेत २००० साली सुरू झाले असे आपण समजतो. आमच्याकडे ते त्याच्या शंभर वर्षे आधी झाले होते, मात्र फार वेगळ्या रीतीने. पार्वतीबाई आठवले हे नाव आज कितीजणांना माहीत असेल? कोकणातल्या देवरुखच्या जोशांची ही मुलगी. ऐन विशीत विधवा झाली, पदरी एक मुलगा. तिची बहीण गोदूबाई हीही बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. आश्रमाला पैसा लागे, आणि पैसा मागायला घरोघर, गावोगाव हिंडण्याचे काम पार्वतीबाईंनी पत्करले.

पुनर्विवाह केलेल्या बहिणीला ज्या घरांची दारे बंद होती, त्या घरांत पार्वतीबाईंना जाता येई, कारण त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. सोवळी विधवा म्हणजे आपल्यातलीच, धर्म पाळणारी. ती विधवांच्या शिक्षणासाठी चार आणे मागते आहे तर द्यायला हरकत नाही, असा हा हिशेब. ज्या खुणेने समाजाने तिला कोपऱ्यात बसवले, तीच खूण पदराखाली घेऊन ती माजघरापर्यंत पोचली. पण याची किंमत तिच भरत होती. ज्या रूढीतून पुढच्या मुलींना सोडवायचे, ती रूढी स्वतःच्या डोक्यावर वागवत हिंडायचे. शेवटी १९१२ च्या सुमारास, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वपन बंद केले. सहा वर्षांनी, १९१८ मध्ये, ही बाई इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेत गेली. हाताशी पैसा नव्हता, तेव्हा तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक केला. परत येऊन ‘माझी कहाणी’ लिहिली. त्यात तक्रारीचा सूर शोधून सापडत नाही. वाचणाऱ्यालाच राग येतो.

आजीच्या घरात मात्र सोवळेपणाची ही रीत कधीच नव्हती. आमच्या भागातल्या बहुतेक समाजांत विधवेचे केस काढत नसत, पाट लागत असे. तरीही आजीला मुलीचे मुंडण म्हणजे मरण वाटले. रूढी उच्चवर्णीयांची, पण तिची भीती सगळ्या गावाची होते ती अशी. गावात ज्यांची बरोबरी करता येत नाही, त्यांच्या भीतीची बरोबरी मात्र माणसे करतात.

केस आणि पैसा यांचा संबंध तसा आपल्याला नवा नाही. बल्लारशाहच्या स्टेशनावर दक्षिणेकडून येणारी गाडी थांबली की तिरुपतीहून परतलेली कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात, बाप, आई, लेकरे, सगळ्यांची डोकी चंदन लावून पिवळी झालेली. तिथल्या कल्याणकट्ट्यावर वाहिलेले केस गोळा होतात, वर्गवारी होते, लिलाव होतो आणि देवस्थानाला कोट्यवधी रुपये मिळतात. त्यातले लांब केस परदेशात टोप होऊन जातात. भक्ताला त्याच्याशी कर्तव्य नसते. त्याने केस दिले ते देवाला. आणि तितके दूर कशाला? ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी हाळी देत फिरणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. माझी आई फणीला आलेले गुंतवळ भिंतीच्या फटीत कोंबून ठेवायची आणि वर्षाकाठी त्यावर एक वाटी घ्यायची. केस विकायला आमच्या बायकांची ना नव्हती. डोके उघडे पडायला होती.

मुलांना मी हेही सांगितले की टोपासाठी केस द्यायचे तर मुलांच्या चार बोटे केसांचा उपयोग नाही. निदान बारा इंचांची वेणी लागते, आणि एका टोपाला अनेकांचे केस लागतात. केमोथेरपीत केस का जातात, हेही त्यांना नीट ठाऊक नव्हते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारी औषधे देतात. औषधाला शत्रू आणि मित्र यांतला फरक कळत नाही. केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडातल्या, आतड्यातल्या पेशीही भराभर वाढतात, त्याही मरतात. दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते बहुधा परत येतात, कधी कधी आधीपेक्षा कुरळे. सगळ्याच औषधांनी केस जातात असेही नाही.

हे डॉक्टर सांगतात. पण नागपूरहून उपचार घेऊन एस.टी.ने गावी परतलेल्या बाईला गाव काय सांगते, ते डॉक्टरांना दिसत नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईने स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर आठ महिने हळदीकुंकवाला जाणे टाळले. नवरा शेजारी उभा, आणि शेजारणी तिला कुंकू लावायला कचरत. तिला आजाराचे जेवढे दुःख झाले नाही, तेवढे त्या कचरण्याचे झाले. पार्वतीबाईंच्या काळातला वस्तरा केव्हाच बोथट झाला, पण त्याची सावली अजून गेलेली नाही, हे मला तेव्हा कळले.

आमच्या दोन जिल्ह्यांत कॅन्सर म्हटले की आधी तोंडाचा आठवतो. कारण प्रत्येक पानठेल्यावर लटकलेले आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन पाटीवर घोटायचा, त्याचे नाव खर्रा. बाहेरगावचा माणूस तो घोटण्याचा आवाज ऐकून विचारतो, हे काय चालले आहे? आम्हाला तो आवाज ऐकूही येत नाही, इतका सवयीचा. बायकांत नस घासण्याची सवय, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावायची. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा जागच्या जागी घोटला जातो, त्याला ना कारखाना ना छाप. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव मोहीम उघडली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट त्यात एकत्र आले.

आजार झाल्यावर जायचे कुठे? पिढ्यान्‌पिढ्या उत्तर एकच होते, नागपूर. भामरागडहून किंवा सिरोंचाहून निघालेल्या रुग्णाला गडचिरोली गाठायलाच दिवस जायचा. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणाल तर एका टोकाला वडसा. नागपूरच्या ज्या कॅन्सर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर आमच्याकडची माणसे डबे घेऊन बसलेली दिसतात, त्याला नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. हे नाव नुसते आदरापोटी दिलेले नाही. महाराजांना स्वतःला कॅन्सर झाला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यातच त्यांचे देहावसान झाले. चंद्रपूरकरांचे त्यांच्याशी नाते जुने. चिमूरच्या परिसरातल्या जंगलात त्यांनी साधना केली, त्यांच्या खंजिरीच्या भजनांनी चिमूर पेटले आणि ऑगस्ट १९४२ नंतर इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकले. ज्याच्या आवाजावर गावेच्या गावे उठली, त्याला हा रोग व्हावा, हे त्या वेळी आमच्या वडीलधाऱ्यांना पटतच नव्हते. अलीकडे चंद्रपुरातही कॅन्सर रुग्णालय उभे राहिले आहे, शासन, टाटा ट्रस्ट आणि जिल्ह्याचा खनिज निधी यांच्या भागीदारीतून. कोळशाच्या धुळीने ज्यांचे छातीचे भाते खराब केले, त्यांना त्याच कोळशातून थोडे परत मिळाले म्हणायचे.

पण मुलांना पैसे रुग्णालयाला द्यायचे नव्हते, संशोधनाला द्यायचे होते. आजीच्या मुलाने, म्हणजे मुलीच्या बापाने, इथे एक रास्त शंका काढली. ‘संशोधन म्हणजे काय जी सर? कुठल्या तरी मोठ्या शहरात, मोठ्या लोकांसाठी. आमच्या काय कामाचं?’

भारतात या संशोधनाला पहिला मोठा पैसा मिळाला तो मोठ्या लोकांकडूनच, हे खरे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. सर दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी काढला, जगभर कुठेही ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांना मदत देण्यासाठी, आणि त्याच वर्षी तेही गेले. मेहरबाईंच्या गळ्यातला ज्युबिली हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. तो विकून आलेला पैसा दोराबजींच्या न्यासात गेला आणि त्या न्यासाने मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. हा हिरा दक्षिण आफ्रिकेतला. आमच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचे नाव ऐन-ए-अकबरीत आहे, पण तिथला हिरा कोणाच्या औषधाला गेल्याचे ऐकिवात नाही. असो. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचा माग काढला, आणि १९५२ मध्ये भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथून मेथोट्रेक्सेट हे औषध निघाले.

त्या मेथोट्रेक्सेटची गोष्ट मी मुलीच्या बापाला मुद्दाम सांगितली. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या, पूर्ण बरे होण्यापलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांवर एक तुलना केली. अर्ध्यांना शिरेतून देण्याचे नेहमीचे औषध, अर्ध्यांना घरी घ्यायच्या स्वस्त गोळ्या, त्यांत हेच मेथोट्रेक्सेट अगदी थोड्या मात्रेत. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्यावाल्यांचे सरासरी आयुष्य सुमारे दीड महिन्याने जास्त निघाले आणि त्रास कमी. दीड महिना म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण ज्याला दर तीन आठवड्यांनी एटापल्लीहून नागपूरला जायचे आहे, त्याचे त्यातले किती दिवस एस.टी.त जातात याचा हिशेब मांडा. श्रीमंत देशांतल्या कंपन्या असला प्रश्न विचारत नाहीत, कारण स्वस्त गोळीत त्यांना काही मिळत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो, आणि त्यासाठी पैसा लागतो.

आणि पैशाशिवायही काही लागते. वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीजवळची दोन गावे. १९८० च्या दशकात बंग दांपत्याने तिथल्या बायकांच्या आजारांचा अभ्यास करायचे ठरवले. बायकांना लक्षणे विचारून भागणार नव्हते, आतून तपासणी करायची होती. खेड्यातली बाई, तिने असली तपासणी करून घ्यायची, तीही दुखण्याची तक्रार केलेली नसताना! तरी ६५० बाया तयार झाल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि जगभरच्या आरोग्य खात्यांना, बाई म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे, हे मान्य करावे लागले. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा विषाणूची चाचणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले. तुलनेसाठी ज्या बायकांची चाचणी केलीच नाही, त्यांच्यातल्या मृत्यूंवरून पुढे कडक टीका झाली. ती मला अनाठायी वाटत नाही. पण त्या दोन्ही गटांतल्या बायकांनी जगाला जे दिले, त्याची पावती त्यांना कोणी दिली नाही. त्यांची नावे कुठे नाहीत. आकड्यांत आहेत.

हे सगळे मी आजीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘अमिर्झ्याला माही बहीण दिली व्हती.’ पुढे काहीच बोलली नाही. तिची बहीण त्या ६५० जणींत होती की नाही, हे मी विचारले नाही. विचारायची ती जागा नव्हती.

त्या संध्याकाळी आजी जेवली. परवानगी मात्र तिने दिली नाही. आजी आणि नात यांच्यात काय बोलणे झाले ते मला कळले नाही. रविवारी मुलांनी ठरल्याप्रमाणे गोटे केले. एका मुलाचा बाप चिडून आला आणि मुलाचे डोके पाहून स्वतःच हसत सुटला, म्हणाला, ‘अगदी माह्या बापावानी दिसतो.’ सलूनवाल्याने मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तर म्हणाला, ‘सर, आमच्या बापजाद्यानं लई डोकी भादरली पैसे घेऊन. आजची राहू द्या.’ त्याला १८९० ची सभा ठाऊक नव्हती. मी सांगितली, तर त्याने ती दोनदा ऐकली आणि लोखंड्यांचे नाव पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहून घेतले.

मुलगी सगळ्यांत शेवटी आली. तिच्याबरोबर आजी. आजीने आपल्या हाताने नातीची वेणी घातली, दोन्ही टोकांना लाल रिबिनी घट्ट बांधल्या आणि वरच्या रिबिनीच्या वर, मानेपाशी कात्री लावायला सांगितले. वेणी हातात आल्यावर ती तिने वीतभर-वीतभर मोजली. मग पदराच्या गाठीतले पैसे डब्यात टाकून तिने मला विचारले, ‘ज्या बाईला हे जाईल, तिचा नवरा हाय का जी?’

मी म्हणालो, ‘ते आपल्याला कळणार नाही, आजी.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि वेणी वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.